मत आणि चिठ्ठी : १९१७ मधील मॉस्कोची पॅट्रिआर्क-निवड

पॅट्रिआर्क म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा सर्वोच्च धर्मगुरू. १७०० मध्ये पॅट्रिआर्क एड्रियन निवर्तल्यावर पीटर बादशहाने हे पद रिक्त ठेवले आणि १७२१ मध्ये त्याच्या जागी ‘पवित्र सिनड’ हे राजाधीन मंडळ नेमले. त्यानंतर सुमारे दोन शतके चर्चचा कारभार झारच्या तंत्राने चालला. म्हणूनच झारशाही कोसळल्यावर ऑगस्ट १९१७ मध्ये मॉस्कोत धर्मपरिषद भरली, तेव्हा तिच्यापुढे व्यक्तिनिवडीहून मोठा प्रश्न होता : राजाज्ञा लोपल्यावर धर्माधिकाराचा उगम कोठे मानावयाचा?

परिषदेस रशियन भाषेत ‘सोबोर’ म्हणतात. ‘एकत्र जमणे’ हा त्याचा धात्वर्थ असून महामंदिरासही तोच शब्द लागतो. या सोबोरच्या ५६४ सदस्यांपैकी २९९ धर्मदीक्षा न घेतलेले सामान्य जन होते. शहरात बोल्शेविकांची लढाई पेटलेली असतानाच परिषदेने पॅट्रिआर्कपदाचे पुनरुज्जीवन केले. नंतर तीन फेऱ्यांत, प्रत्येक वेळी निम्म्याहून अधिक मतांनी, तीन उमेदवार ठरले : खारकोव्हचे अंतोनी (१५९ मते), नोव्हगोरोदचे आर्सेनी (१९९) आणि अखेरच्या फेरीत मॉस्कोचे तिखोन (१६२).

मतदान येथेच थांबले. १८ नोव्हेंबर रोजी (जुन्या पंचांगाप्रमाणे ५ नोव्हेंबर) ख्रिस्त तारकाच्या महामंदिरात, तीन नावांच्या मोहोरबंद पेटीतून आलेक्सी या वृद्ध तपस्व्याने एक चिठ्ठी उचलली. तीवर तिखोन यांचे नाव होते. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली, हा ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील दाखला यास आधारभूत होता.

ही पद्धत दैवाधीन वाटेल. परंतु तिच्यात विवेक आहे. पात्रता परिषदेने ठरविली. अंतिम निर्णय मात्र कोणत्याही पक्षाच्या हाती ठेवला नाही. त्यामुळे कोणी हरला नाही आणि विजयी पुरुष कोणाचा ऋणी झाला नाही. पुढे सोव्हिएत सत्तेशी झगडताना तिखोन यांस या निर्विवाद मान्यतेचाच आधार होता.

१९२५ मध्ये ते वारले आणि नव्या पॅट्रिआर्कची निवड १९४३ पर्यंत होऊ शकली नाही. त्या वर्षी, स्टालिनच्या अनुमतीने, १९ बिशपांनी सेर्गी या एकमेव उमेदवारास निवडले. चिठ्ठीला तेथे वावच नव्हता.

मराठीत ‘कौल’ हा शब्द देवाच्या निर्णयासही लागतो आणि मतदारांच्याही. १९१७ च्या सोबोरने हे दोन्ही कौल क्रमाने घेतले. १९४३ मध्ये दोहोंच्याही आधी तिसराच कौल लागलेला होता.