‘हुजूर पक्ष’ आणि घटनासुधारणा : सेसिल घराण्याच्या निमित्ताने

इंग्लंडातील काँझर्व्हेटिव्ह पक्षाला मराठी वृत्तपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ हे नाव दिले आणि ते आपल्या भाषेत पक्के रुजले. ‘मजूर पक्षा’शी त्याचे यमक जुळते, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. परंतु सोयीचे नाव पुष्कळदा विचारास अडथळा करते. ‘हुजूर’ म्हटले की राजाच्या पायाशी बसलेला, बदल म्हटला की बिचकणारा दरबारी डोळ्यांपुढे उभा राहतो. जी गोष्ट पक्षाच्या नावाची, तीच ‘सुधारणा’ या शब्दाची. १८३२, १८६७ व १८८४ या वर्षी इंग्लंडात झालेल्या मताधिकारविषयक कायद्यांना आपण ‘सुधारणा कायदे’ म्हणतो. ‘सुधारणे’ या क्रियापदात ‘पूर्वीपेक्षा चांगले होणे’ हा अर्थ अंगभूत आहे, त्यामुळे सुधारणेला विरोध करणारा मनुष्य वाद सुरू होण्यापूर्वीच दोषी ठरतो. इंग्रजीतील मूळ शब्दातही हा दोष काही अंशी आहेच, आणि त्याविषयीची तक्रार त्या काळच्या विरोधकांनी वारंवार केलेली आढळते. प्रस्तुत लेखात या विरोधकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दव्यवहाराच्या आधारे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांच्या भूमिकेस काही तत्त्व होते, की प्रत्येक वेळी ती केवळ माघारीची युक्ती होती, हा खरा प्रश्न होय.

या परंपरेचा आद्य आचार्य म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो एडमंड बर्क जन्मभर व्हिग होता, हे प्रथमच सांगितलेले बरे. फ्रेंच राज्यक्रांतीवरील त्याचा ग्रंथ १७९० मध्ये प्रसिद्ध झाला. बदलाची काहीच सोय नसलेले राज्य स्वतःचे रक्षणही करू शकत नाही, असे तो त्यात मानतो. मात्र दुरुस्ती आणि नवी उभारणी यांत तो काटेकोर भेद करतो. ज्ञात दोषावर नेमका घाव घालणे ही दुरुस्ती, आणि वस्तूचे मूळ स्वरूपच पालटणे हा निराळा व्यापार. म्हणूनच राजदरबारातील उधळपट्टी व वशिलेबाजी यांना आळा घालण्यासाठी १७८० पासून झटणारा बर्क, पार्लमेंटातील प्रतिनिधित्वाची फेरमांडणी करावी अशी सूचना धाकट्या पिटने १७८२ मध्ये आणली तेव्हा तिच्या विरुद्ध होता. दीर्घकालीन वहिवाट हाच घटनेचा खरा आधार, ही त्याची धारणा. जाता जाता एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. रघुनाथरावाचा वकील हणमंतराव १७८१ मध्ये विलायतेस गेला असता त्याच्या सोवळ्याओवळ्याची अडचण ओळखून बर्कने त्याला बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी जागा करून दिली होती. परक्यांच्या वहिवाटीविषयीही हा आदर त्याच्या ठिकाणी होता. वॉरन हेस्टिंग्जवरील अभियोगामागेही तो दिसतो.

‘टोरी’ हा मूळ आयरिश शब्द. त्याचा अर्थ लुटारू किंवा परागंदा झालेला बंडखोर. ‘काँझर्व्हेटिव्ह’ हे नाव पक्षाला सुचविले गेले ते १८३० च्या जानेवारीत, ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मधील एका लेखात. हा लेख जॉन विल्सन क्रोकर याचा, असे पुष्कळ दिवस मानले जात होते. अलीकडे त्याबद्दल वाद आहे. लेखक कोणीही असो, शिवीचे रूपांतर सिद्धांतात करण्याची निकड त्याच वर्षी भासावी हे सूचक आहे. कारण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन याने, प्रचलित प्रतिनिधिपद्धतीवर देशाचा पूर्ण विश्वास आहे आणि तिच्यात फेरफार करण्यास आपण उभे राहणार नाही, असे उमरावसभेत जाहीर केले, आणि पंधरवड्याच्या आत त्याचे मंत्रिमंडळ कोसळले. मँचेस्टर व बर्मिंगहॅम या शहरांना स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता, तर ओसाड पडलेल्या ओल्ड सेरमचे मूठभर मतदार दोन सभासद पाठवीत. अशा पद्धतीचे समर्थन आज आपणास हास्यास्पद वाटते. परंतु समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. कॉमन्स सभेत केवळ शिरगणती यावी असे त्यांना वाटत नव्हते. तेथे जमीन, व्यापार, वसाहती, कायदा, लष्कर असे निरनिराळे हितसंबंध यावेत, आणि या कुजलेल्या मतदारसंघांमुळेच बर्क किंवा पिट यांच्यासारख्या बुद्धिमंतांना तेथे प्रवेश मिळतो, असे ते म्हणत. सर रॉबर्ट पील याचा आक्षेप याहून खोल होता. एकदा उघडलेले हे दार पुन्हा बंद कसे करणार, हा त्याचा प्रश्न. १८३२ च्या कायद्याने मतदारांची संख्या सुमारे ४ लाखांवरून सुमारे साडेसहा लाखांवर गेली. हा आकडा लहानच आहे. पीलला भीती होती ती आकड्याची नव्हे, तर आकडा वाढविण्यासाठी जे तत्त्व मान्य करावे लागले त्याची.

कायदा झाल्यावर क्रोकरने नव्या पार्लमेंटात पाऊल ठेवण्याचे नाकारले. पीलने १८३४ च्या डिसेंबरात टॅमवर्थ येथील मतदारांना उद्देशून जाहीरनामा काढला आणि हा कायदा म्हणजे घटनेतील एका मोठ्या प्रश्नाचा अंतिम व अपरिवर्तनीय निकाल होय, असे मान्य केले. ज्याला कालपर्यंत घटनाभंग म्हटले तेच आज घटनेचा भाग झाले. या पक्षाच्या इतिहासातील हा खरा वळणबिंदू आहे, कारण येथून पुढे रक्षण कशाचे करावयाचे याचे उत्तर दर पिढीला नव्याने द्यावे लागले.

हे उत्तर देण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न, माझ्या मते, सेसिल घराण्यातील एका तरुणाने केला. लॉर्ड रॉबर्ट सेसिल, पुढे व्हायकाउंट क्रॅनबोर्न व १८६८ पासून सॉल्झबरीचा तिसरा मार्क्विस, हा १८६० च्या दशकात ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मधून सातत्याने लिहीत असे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की राज्य हे एका भागीदारीच्या मंडळीसारखे असते, आणि ज्याचा वाटा मोठा त्याचा शब्दही मोठा असावा. कर भरणारा एक वर्ग आणि कर बसविणारा दुसरा, अशी स्थिती आल्यास मालमत्ता सुरक्षित राहणार नाही. हा विचार आज पटण्यासारखा नाही. पण त्यात लपवाछपवी नाही, हे मान्य केले पाहिजे.

१८६६ मध्ये ग्लॅडस्टनने शहरांत वार्षिक ७ पौंड भाडे देणाऱ्यांस मत देणारे विधेयक आणले. काँझर्व्हेटिव्ह सभासदांनी रॉबर्ट लोव आदी असंतुष्ट लिबरलांच्या साह्याने ते हाणून पाडले, आणि लॉर्ड डर्बी व डिझरायली सत्तेवर आले. क्रॅनबोर्न या मंत्रिमंडळात भारतमंत्री होता. अधिकारग्रहणानंतर ओरिसातील दुष्काळाबाबत त्याने अधिकाऱ्यांच्या अहवालांवर भिस्त ठेवून दोन महिने काही केले नाही. तोवर पावसाळ्याने बंदरे बंद झाली. सुमारे १० लाख माणसे मेली. याची टोचणी त्याला जन्मभर होती. दुसऱ्याने दिलेल्या आकड्यांवर विसंबावयाचे नाही हा धडा त्याने तेथेच घेतला असावा, असे मानण्यास जागा आहे. कारण १८६७ च्या फेब्रुवारीत, डिझरायलीच्या नव्या विधेयकात घातलेल्या ‘संरक्षक तरतुदी’ पुरेशा आहेत असे मंत्रिमंडळास सांगण्यात आले असता, क्रॅनबोर्नने एका रविवारी रात्री स्वतः एकेका शहराचे हिशेब मांडले, आणि लहान शहरांत या तरतुदी निरुपयोगी ठरणार असे त्याच्या ध्यानात आले. त्याने राजीनाम्याची धमकी देताच दुसऱ्या दिवशी घाईघाईने दुसरा मसुदा तयार झाला. इतिहासात तो ‘दहा मिनिटांचे विधेयक’ म्हणून ओळखला जातो. तो टिकला नाही. मूळ योजना परत आली, आणि मार्चच्या आरंभी क्रॅनबोर्न, कार्नार्व्हन व जनरल पील हे तिघे मंत्रिमंडळाबाहेर पडले.

‘संरक्षक तरतूद’ हा या काळचा परवलीचा शब्द. स्वतः कर भरणे, ठराविक काळ वास्तव्य असणे, मालमत्ताधारकास दुसरे मत असणे, असे बांध प्रत्यक्ष कुटुंबमताधिकाराभोवती घालावयाचे होते. वसंत ऋतू संपेपर्यंत बहुतेक सारे वाहून गेले. हॉजकिन्सन नामक लिबरल सभासदाची उपसूचना डिझरायलीने १७ मे रोजी मंत्रिमंडळास न विचारता स्वीकारली, आणि स्वतः कर भरण्याच्या अटीत अर्थ उरला नाही. शेवटी ग्लॅडस्टनच्या पराभूत विधेयकाहून कितीतरी व्यापक कायदा त्याच पक्षाने केला. ब्रिटनमधील मतदारांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. क्रॅनबोर्नने ऑक्टोबरात ‘क्वार्टर्ली’मध्ये या शरणागतीचा समाचार घेतला. त्या लेखातील मुख्य आरोप लोकशाही आली हा नसून, जे नको म्हणून मते मागितली तेच सत्तेसाठी केले, हा आहे. पक्षाच्या शब्दावर विश्वास उरला नाही तर पार्लमेंटरी राज्यपद्धती चालणार कशी, असा त्याचा सवाल होता. डिझरायलीच्या चरित्रकारांनी या आक्षेपाला ‘हटवादीपणा’ म्हणून बाजूस सारले आहे. मला हे मान्य नाही. १८७४ चा निवडणूक-विजय हे डिझरायलीचे व्यावहारिक समर्थन होऊ शकेल, क्रॅनबोर्नच्या नैतिक आक्षेपाचे ते उत्तर नव्हे.

विशेष असे की हाच क्रॅनबोर्न, लॉर्ड सॉल्झबरी म्हणून पक्षाचा नेता झाल्यावर, नव्या मतदारवर्गाशी जुळवून घेण्यात कोणाहून मागे राहिला नाही. ‘मालमत्ता’ हा शब्द त्याच्या भाषणांतून हळूहळू मागे पडतो आणि ‘राष्ट्र’ पुढे येतो. उमरावसभेने राष्ट्राचे विचारपूर्वक व्यक्त झालेले मत मानावे, परंतु कॉमन्स सभेचे मत म्हणजे राष्ट्राचे मत असे गृहीत धरू नये, हे सूत्र त्याने १८६९ मध्येच मांडले होते. आयर्लंडमधील चर्चच्या प्रश्नावर निवडणुकीत कौल मिळाल्यामुळे त्याने स्वतः त्या विधेयकाच्या दुसऱ्या वाचनास पाठिंबा दिला. पुढे या सूत्राचे अस्त्र झाले. १८९३ मध्ये आयरिश स्वराज्याचे विधेयक उमरावसभेने ४१ विरुद्ध ४१९ मतांनी फेटाळले, आणि १८९५ च्या निवडणुकीत कौल उमरावांच्या बाजूने पडला. अनिर्वाचित सभेने लोकमताचा कैवार घ्यावा, यातील विसंगती उघड आहे. पण त्या वर्षी ती मतपेटीत टिकली, हेही खरे.

१८८४ मध्ये मताधिकार ग्रामीण परगण्यांत नेणारे विधेयक सॉल्झबरीने अडवून धरले, आणि त्याच्या आर्लिंग्टन स्ट्रीटवरील घरी ग्लॅडस्टनशी झालेल्या वाटाघाटींतून मतदारसंघांची फेररचना पदरात पाडून घेतली. बहुतेक मतदारसंघ एकसदस्य झाले. उपनगरांतील सुखवस्तू वस्त्या अलग पडून आपल्या पक्षास अनुकूल होतील, हा त्याचा हिशेब पुष्कळ अंशी बरोबर ठरला. परंतु या फेररचनेतूनच लंडनमध्ये सेंट्रल फिन्सबरी हा मतदारसंघ निर्माण झाला होता. कोणताही ब्रिटिश मतदारसंघ ‘काळ्या माणसा’स निवडून देईल की नाही याची शंका सॉल्झबरीने १८८८ मध्ये एडिंबरा येथे बोलून दाखविली होती, चार वर्षांनी याच सेंट्रल फिन्सबरीने एल्फिन्स्टन कॉलेजातील एके काळचे प्राध्यापक दादाभाई नौरोजी यांना ५ मतांच्या अधिक्याने कॉमन्स सभेत पाठविले. १८९५ मध्ये दादाभाई पडले आणि बेथनल ग्रीन ईशान्यमधून मुंबईचेच मंचरजी भावनगरी निवडून आले, तेही सॉल्झबरीच्या पक्षातर्फे!

१९०९ मध्ये लॉइड जॉर्जचे अंदाजपत्रक उमरावसभेने ७५ विरुद्ध ३५० मतांनी नाकारले, तेव्हा सॉल्झबरीचे हेच सूत्र पुढे केले गेले. दोन निवडणुका झाल्या, आणि कौल या वेळी उमरावांना हवा तसा आला नाही. १९११ चे पार्लमेंट विधेयक नाकारावे की नवे उमराव निर्माण होण्याची नामुष्की टाळावी, यावर पक्ष दुभंगला. अखेरच्या मतदानात ११४ विरुद्ध १३१ मतांनी ते संमत झाले. येथे भारतीय वाचकास कुतूहल वाटेल अशी बाब ही की माघारीचा सल्ला देणाऱ्यांत लॅन्सडाउन व कर्झन हे दोन माजी व्हाइसरॉय अग्रभागी होते, तर तिसऱ्या मार्क्विसचा पुत्र चौथा मार्क्विस अखेरपर्यंत विरोध करणाऱ्यांत होता. बंगालच्या फाळणीत तसूभर न हटणारा कर्झन लंडनमध्ये मात्र अटळ ते ओळखून वागला. नकाराधिकार गेला, विलंबाचा अधिकार उरला. याच काळात कायदेपंडित डायसी जनमतपृच्छेचा पुरस्कार करीत होता, आणि १९१० च्या नोव्हेंबरात बॅल्फोरने आयातकराच्या प्रश्नावर ती घेण्याचे वचनही देऊन टाकले. बॅल्फोर हा तिसऱ्या सॉल्झबरीचा भाचा, हे येथे लक्षात घ्यावे.

यापुढील कथा त्वरेने सांगता येईल. १९४५ मध्ये मजूर पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले, तेव्हा उमरावसभेतील विरोधी नेता पुन्हा एक क्रॅनबोर्नच होता, तिसऱ्या मार्क्विसचा नातू. निवडणूक जाहीरनाम्यात असलेल्या विधेयकांना दुसऱ्या वाचनात विरोध करावयाचा नाही, हा संकेत त्याने पाडला; ‘सॉल्झबरी संकेत’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. आजोबांचे सूत्र नातवाने उलट्या बाजूने वापरले, असे म्हणता येईल. आजीव उमरावांची कल्पना तिसऱ्या मार्क्विसने १८८८ मध्ये विधेयकरूपाने आणून मागे घेतली होती; ती १९५८ मध्ये मॅकमिलनच्या काँझर्व्हेटिव्ह सरकारने कायद्यात उतरविली. १९७६ मध्ये लॉर्ड हेलशॅमने एका व्याख्यानात निर्वाचित हुकूमशाहीविरुद्ध इशारा देऊन लिखित घटनेची मागणी केली. १९७९ ते १९८७ या काळात तो स्वतः लॉर्ड चॅन्सेलर असता या मागणीचे पुढे काही झाले नाही. विरोधात असताना घटना आठवणे हा रोग एका पक्षाचा नव्हे, पण या पक्षात त्याची नोंद अधिक सुवाच्य आहे.

१९९८ मध्ये ब्लेअर सरकारने वंशपरंपरागत उमरावांना सभागृहातून काढण्याचे ठरविले. उमरावसभेतील काँझर्व्हेटिव्ह नेता त्या वेळीही व्हायकाउंट क्रॅनबोर्न, पाचव्या मार्क्विसचा नातू, हाच होता. त्याने पक्षनेता विल्यम हेग यास अंधारात ठेवून सरकारशी तडजोड केली, आणि डिसेंबरात हेगने त्यास पदावरून दूर केले. तडजोड मात्र टिकली : १९९९ च्या कायद्याने ९२ वंशपरंपरागत सभासदांच्या जागा राखून ठेवल्या. १८६७ मध्ये एका क्रॅनबोर्नने मताधिकाराच्या विधेयकापायी पद सोडले होते. या क्रॅनबोर्नचे पद स्वतःच्या गुप्त तडजोडीपायी गेले. पुढे २०१२ च्या जुलैत, बव्हंशी निर्वाचित उमरावसभेची योजना काँझर्व्हेटिव्ह पंतप्रधानाच्याच संयुक्त सरकारने आणली असता त्याच्या पक्षाच्या ९१ सभासदांनी दुसऱ्या वाचनात विरुद्ध मत दिले, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने ती सोडून दिली. निर्वाचित झालेली वरिष्ठ सभा कॉमन्सच्या अधिकारास आव्हान देईल, हा त्या वेळच्या विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. १८९३ मध्ये हेच आव्हान तिसरा मार्क्विस, निवडून न येता, उमरावसभेचा घटनात्मक अधिकार म्हणून देत होता.