छोट्या चाकांची मोल्टन : काय बदलावे, काय राखावे

नोव्हेंबर १९६२ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात अ‍ॅलेक्स मोल्टन या इंजिनिअरने एक सायकल मांडली. सायकलीचा ठरीव त्रिकोणी सांगाडा तिला नव्हता. जमिनीलगत एक जाड आडवी नळी, तिच्यातून वर आलेली सीटची नळी, पुढे हँडलची मान, अवघ्या १६ इंचांची चाके आणि पुढे-मागे दोन्हीकडे रबराचे सस्पेन्शन, असा तिचा घाट होता. त्या साठीच्या दशकातल्या मोल्टन सायकली आजही विकत मिळतात आणि घेणाऱ्यापुढे एकच पेच उभा राहतो : जुनी वस्तू म्हणून ती होती तशी जपावी, की नवे गिअर, नवे ब्रेक, नवा रंग देऊन आजच्या रस्त्यावर आणावी? ज्याची त्याची आवड म्हणून हा प्रश्न सोडून दिला जातो. मला ते पटत नाही. या सायकलीचा इतिहास नीट तपासला तर कोणता भाग बदलायला मोकळीक आहे आणि कोणत्या भागाला हात लावता कामा नये, हे बऱ्याच अंशी त्यातूनच ठरते. म्हणून संशोधन आधी आणि पाना नंतर, हा क्रम मला आवश्यक वाटतो.

मोल्टन यांच्या घराण्याचा धंदाच रबराचा. त्यांचे पूर्वज स्टीफन मोल्टन यांनी १८४८ मध्ये ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावात जुन्या कापडगिरणीच्या जागी रबराचा कारखाना काढला आणि पुढे त्या कारखान्यातून रेल्वेसाठी रबरी स्प्रिंगा जाऊ लागल्या. अ‍ॅलेक्स यांनी हेच ज्ञान मोटारीत आणले. १९५९ साली आलेल्या मिनी मोटारीचे रबरी सस्पेन्शन त्यांचेच. त्याआधी १९५६ मध्ये सुएझचा पेचप्रसंग उद्भवला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि मोल्टन सायकलीकडे वळले. चांगली सायकल वापरून पाहिल्यावर त्यांना पडलेला प्रश्न मूलभूत होता : पाऊणशे वर्षांत मोटार, विमान, रेल्वे सगळे पालटले, मग सायकलीचा सांगाडा तिथेच का थांबला?

चाक लहान केले की फायदे पुष्कळ. वजन घटते, चाक जास्त कणखर होते, वेग पटकन पकडता येतो, पुढे-मागे सामानाला जागा मिळते, आणि आडवी नळी खाली आल्यामुळे साडी-स्कर्ट नेसणाऱ्यांपासून लहानखुऱ्या माणसांपर्यंत एकच सांगाडा सगळ्यांना चालतो. तोटाही तेवढाच उघड आहे. लहान चाक खड्ड्यात खोल उतरते आणि प्रत्येक धक्का अंगावर येतो. टायर मऊ ठेवला तर धक्का कमी होतो, पण मग सायकल जड चालते. मोल्टन यांनी यावर दुहेरी उपाय केला. टायर अरुंद आणि कडक हवेचा ठेवायचा, म्हणजे चाक हलके पळेल, आणि धक्का झेलण्याचे काम टायरकडून काढून रबराकडे द्यायचे. पुढे हँडलच्या मानेत पोलादी स्प्रिंग आणि तिच्या पोटात रबराचा स्तंभ. मागे चिमटा एका खिळीवर वरखाली होणारा, त्याच्या आणि सांगाड्याच्या बेचक्यात दाबला जाणारा रबरी ठोकळा. लहान चाक, कडक टायर आणि रबर ही तीन मिळून एकच कल्पना आहे. त्यातले एक काढले की उरलेली दोन निरर्थक होतात. ही सायकल नुसती चमत्कारिक दिसत नाही, ती पळतेही, हे दाखवायला फार दिवस लागले नाहीत. १९६२च्याच डिसेंबरात जॉन वुडबर्न या सायकलपटूने मोल्टनवरून कार्डिफ ते लंडन हे अंतर ६ तास ४३ मिनिटांत कापून विक्रम केला.

हे सगळे लक्षात घेतले की राले या सायकल कंपनीची वागणूक इतिहास म्हणून फार बोलकी ठरते. मोल्टन यांनी आपला आराखडा आधी रालेकडेच नेला होता. रालेने तो घेतला नाही, म्हणून त्यांनी स्वतः उत्पादन सुरू केले आणि मोटारी बनवणाऱ्या बीएमसी समूहाच्या लिव्हरपूलजवळच्या कर्कबी कारखान्यातही सायकली तयार होऊ लागल्या. खप पाहून रालेने १९६५ मध्ये आपली छोट्या चाकांची 'आरएसडब्ल्यू १६' आणली. तिला सस्पेन्शन नव्हते, त्याऐवजी जाड, मऊ टायर होते. म्हणजे रालेने मोल्टनचे रूप उचलले आणि तिचा विचार मागे ठेवला. ती सायकल जड चाले. १९६७ मध्ये रालेने मोल्टनचा सायकलधंदाच विकत घेतला, १९७० मध्ये सुधारित 'मार्क ३' काढली आणि १९७४ मध्ये ते उत्पादनही बंद केले. रूप तेच ठेवून आतली कल्पना काढून टाकली की काय होते, याचा पुरावा रालेने आधीच देऊन ठेवला आहे. आज जुन्या मोल्टनचे रबर बाद झाले म्हणून तिथे लोखंडी तुकडा ठोकून बसवणारा आणि 'दिसायला तर तशीच आहे' म्हणणारा कारागीर नेमकी तीच चूक करतो.

'मूळ रूप राखा' म्हणणाऱ्यांना याच इतिहासातून एक अडचणीचा प्रश्न विचारता येतो : मूळ म्हणजे कोणते? पहिल्या मोल्टनचा मागचा चिमटा कमजोर होता आणि वापरात त्याला तडे जात. पुढच्या आवृत्तीत तो मजबूत केला गेला, 'मार्क ३'मध्ये मागची रचनाच बदलली. निर्मात्यांनी स्वतः दोष मानून जो भाग पालटला, तो दोषासकट जपणे म्हणजे इतिहासाशी इमान राखणे नव्हे. ज्या सायकलीवर माणूस बसणार आहे तिचा चिमटा तडकलेला असेल तर तो बदललाच पाहिजे किंवा पितळी जोड देऊन बळकट केलाच पाहिजे. जुना चिमटा फेकू मात्र नये. तडा कुठे गेला, जोडाच्या कडेला की खिळीजवळ, हे त्या लोखंडावरच लिहिलेले असते आणि तो तुकडा मोडीत गेला की ते वाचता येत नाही.

अशी सायकल हातात घेतल्यावर पहिले काम म्हणजे तिचे वय ठरवणे. फ्रेमवर क्रमांक ठोकलेला असतो. बहुतेकांचे लक्ष तिथेच थांबते. त्याहून जवळचा साक्षीदार मागच्या चाकात असतो. बऱ्याच मोल्टनना स्टर्मी-आर्चरचा 'एडब्ल्यू' हा तीन गिअरांचा हब लावलेला असे आणि त्या हबच्या कवचावर बनावटीचे साल दोन आकड्यांत कोरलेले असते. चिंधीवर थोडे रॉकेल घेऊन आऱ्यांच्या मधला चिकट काळा थर पुसला की '६३' किंवा '६४' असा आकडा उमटतो. फ्रेम आणि हब यांचा काळ जुळला तर चाक बहुधा मुळातलेच. हब पाच-सहा वर्षांनी नवा निघाला तर मधे कुणीतरी चाक बदलले, हेही कळते, आणि मग त्या चाकाची रिम, आरे यांना 'मूळ' म्हणून जपण्याचा आग्रह आपोआप सुटतो. मडगार्डाखाली, चिमट्याच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही तिथे खरा रंग सापडतो. हे वाचण्याआधीच सायकल भट्टीच्या रंगाला देऊन चकचकीत करून आणणे म्हणजे कागद न वाचता जाळणे होय. या सायकलींचे जे सर्वांत मोठे नुकसान होते ते रंगकामातच होते, आणि ते भरून येत नाही.

बदलायचे म्हटले तर टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल, चेन, छर्रे हे भाग झिजण्यासाठीच असतात आणि पहिल्या मालकानेही ते बदललेच असतील. रिमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. जुनी क्रोमची पोलादी रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागत नाही. मोल्टनचे १६ इंची टायर ज्या ३४९ मिलिमीटर मापाच्या रिमवर बसतात तेच माप पुढे घडीच्या ब्रॉम्प्टन सायकलीने घेतले, म्हणून त्या मापाचे चांगले कडक टायर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा आजही बाजारात आहेत. जुन्याच हबवर नवी रिम आऱ्यांनी बांधून घेता येते, जुनी रिम कागदात गुंडाळून ठेवता येते आणि हवे तेव्हा सगळे पूर्ववत करता येते. आपल्याकडच्या २८ इंची काळ्या सायकलीचा सुटा भाग तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो, कारण तिची मापे पिढ्यान्‌पिढ्या ढळली नाहीत. मोल्टनला तसा आधार नव्हता. तो तिला दुसऱ्याच सायकलीमुळे मिळाला, आणि तो न वापरण्याचे कारण मला दिसत नाही.

गिअरांबाबत मात्र मी ठाम आहे. आजच्या आठ-दहा दातेचक्रांच्या मागच्या चाकाला चिमट्यात १३० किंवा १३५ मिलिमीटर जागा लागते, जुन्या तीन गिअरांच्या हबला ११०-११५च्या आसपास. तेवढी जागा करायला चिमटा फाकवावा लागतो, आणि मोल्टनमध्ये नेमका तोच भाग पहिल्यापासून दुबळा आहे. शिवाय त्याची गरजही थोडीच आहे. १९३६ पासून चालत आलेल्या 'एडब्ल्यू' हबात मधला गिअर सरळ चालतो, वरचा एक तृतीयांशाने वेगवान, खालचा एक चतुर्थांशाने हळू. चढाची गावे असतील तर मागचे दातेचक्र दोन-तीन दात्यांनी मोठे बसवले की तिन्ही गिअर हलके होतात आणि फ्रेमला ओरखडाही पडत नाही. हबच्या कवचावरची छोटी झाकणी उघडून पातळ तेलाचे थेंब घातले आणि केबलचा ताण नीट लावला, की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मधे पायडल रिकामे फिरण्याची खोडही जाते.

यावर कोणी म्हणेल, या सायकली हजारोंनी निघाल्या, एखादी कापली-फाकवली तर काय बिघडले? हजारोंनी निघाल्या हे खरे, पण राबवायच्या वस्तू म्हणून त्या वापरून टाकल्या गेल्या. रंग, हब, चिमटा, रबर असे सगळे एकाच काळाचे टिकलेली सायकल त्यामुळेच दुर्मीळ आहे, आणि तशी ती आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. आधीच निम्मी बदललेली सायकल असेल तर तिच्यावर हवे ते प्रयोग खुशाल करावेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोल्टन यांनी स्वतःच जुना सांगाडा सोडून दिला. १९८३ मध्ये त्यांनी बारीक नळ्यांच्या जाळीचा, पुलासारखा सांगाडा आणला, चाक १७ इंची केले, आणि १९८६ मध्ये तशाच सायकलीवर कॅनडात जिम ग्लोव्हर या सायकलपटूने ताशी ८२ किलोमीटरच्या पुढचा वेग गाठला. मग आपण १९६३च्या लोखंडाला का कवटाळावे? पण मोल्टन यांनी केले काय ते पाहावे. जुन्या सायकलीवर नवे भाग चढवण्याऐवजी त्यांनी तीच कल्पना, म्हणजे लहान चाक, कडक टायर आणि दोन्हीकडे सस्पेन्शन, नव्या सांगाड्यात नव्याने घडवली. ज्याला आधुनिक मोल्टन हवी आहे त्याच्यासाठी ती जाळीची सायकल आहे, आणि ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनमध्येच तिची परंपरा चालत आली. तिच्या १७ इंची चाकाला लागणारे ३६९ मिलिमीटर मापाचे टायर मात्र इतर सायकलींना जवळजवळ लागत नाहीत, त्यामुळे ते मोजक्याच ठिकाणी मिळतात. साठच्या दशकातल्या जुन्या मोल्टनचा टायर फाटला तर ब्रॉम्प्टन विकणाऱ्या कुठल्याही दुकानातून तो त्याच दिवशी आणता येतो.