कार्बोरेटरची दोन घराणी

मराठी वाचकाला सावनेर हे नाव ठाऊक असते ते राम गणेश गडकऱ्यांमुळे. 23 जानेवारी 1919 रोजी त्यांचे निधन याच गावी झाले. साहित्याच्या इतिहासात सावनेरची नोंद तेवढीच, आणि ती पुरेशीही आहे. मात्र या गावाला आणखी एक इतिहास आहे, जो कुणी लिहिलेला नाही. नागपूरहून येणारा रस्ता इथे दुभंगतो. एक फाटा पांढुर्णा-बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे. कोळशाचे ट्रक, संत्र्यांचे टेम्पो, कापसाच्या गाड्या आणि प्रवासी मोटारी या फाट्यावर वर्षानुवर्षे थांबत आल्या. जिथे गाड्या थांबतात तिथे गॅरेजे उभी राहतात, आणि गॅरेजांत ज्ञान साठत जाते. हे ज्ञान कागदावर येत नाही. मिस्त्री म्हातारा झाला की ते त्याच्याबरोबर जाते.

या लेखाचा विषय अशाच एका ज्ञानाचा आहे: छोट्या मोटारीच्या इंजिनाला मोटरसायकलचे कार्बोरेटर बसवणे. ऐकणारा हसतो आणि ‘जुगाड’ म्हणून विषय मिटवतो. मीही तसाच हसलो होतो. वडिलांची जुनी मारुती 800 माझ्याकडे आली, तिच्या कार्बोरेटरचा दांडा झिजून बाजूने हवा ओढू लागला, आणि त्या नमुन्याचा नवा कार्बोरेटर मिळेना, तेव्हा सावनेरच्या एका मिस्त्रींनी मला हा उपाय सुचवला. त्यांच्याकडे काढलेल्या काही महिन्यांत मला कळले, की ज्याला मी जुगाड समजत होतो त्यामागे शंभराहून अधिक वर्षांची वंशावळ आहे.

कार्बोरेटरचे काम सांगायला सोपे आहे: पेट्रोल हवेत मिसळायचे, आणि तेही योग्य प्रमाणात. वजनाने 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. कार्ल बेंझच्या 1886च्या तीनचाकीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेली जाई आणि वाफ सोबत घेऊन येई. 1893च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवण्याची रचना केली. नळी मध्ये अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि त्या कमी दाबाने पेट्रोल जेटमधून वर खेचले जाते. पुढचे सगळे कार्बोरेटर या एका तत्त्वाची लेकरे आहेत.

पण लेकरांची घराणी वेगळी झाली. मोटारीच्या घराण्यात अरुंद भाग कायमचा ठरलेला असतो, खाली एक पाकळी उघडझाप करते, आणि कमी वेग, जास्त वेग, थंड इंजिन, अचानक दिलेली रेस या प्रत्येकासाठी वेगळी वाट असते. सोलेक्स, वेबर, झेनिथ ही या घराण्यातली नावे. मोटरसायकलच्या घराण्यात अरुंद भागच लहानमोठा होतो. ॲक्सिलरेटर पिळला की एक गोल गट्टू वर सरकतो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर येते, आणि हवा व पेट्रोल दोन्ही बरोबरीने वाढतात. 1927 साली इंग्लंडमध्ये तीन जुन्या कंपन्या एकत्र येऊन ॲमल झाली आणि तिचा कार्बोरेटर या घराण्याचा आदर्श ठरला.

दोन्ही घराण्यांत बेटीव्यवहार मात्र सुरुवातीपासून होता. इंग्लंडच्या स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बनवलेला एसयू कार्बोरेटर मोटारीचा, पण त्याचा अरुंद भाग बदलता. त्यातला गट्टू तारेने ओढला जात नाही, इंजिनाच्या ओढीने आपोआप वर उठतो. पुढे जपानी मोटरसायकलींवर ‘सीव्ही’ म्हणून आलेला कार्बोरेटर याच कल्पनेचा वारस. होंडाने 1964 साली एस600 ही 606 सीसीची छोटी मोटार काढली, तेव्हा तिच्या चार सिलिंडरांना केहिनचे चार कार्बोरेटर लावले. मोटरसायकल बनवणाऱ्यांना प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बोरेटर देणे यात नवल वाटले नाही. मिकुनी या जपानी कंपनीने तर ॲमल आणि सोलेक्स या दोघांचेही परवाने घेतले. म्हणजे दोन घराणी एकाच छपराखाली नांदू लागली.

भारतात या दोन्ही घराण्यांचे नवे नमुने 1983 साली एकाच वेळी दारात आले. त्या वर्षी राजदूत 350 ही जुळ्या सिलिंडरांची मोटरसायकल आली. तिला दोन कार्बोरेटर होते, आणि दोघांची ओढ सारखी केल्याशिवाय ती नीट चालत नसे. त्याच वर्षी 14 डिसेंबरला पहिल्या मारुती 800ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. तीन सिलिंडर, 68.5 मिलिमीटर व्यासाचे, 72 मिलिमीटर धावेचे. एकूण 796 सीसी. गावोगावच्या मिस्त्रींनी राजदूत 350वर दोन कार्बोरेटरांचा मेळ घालायला शिकून घेतले आणि 800वर छोटे इंजिन उघडायला. हे दोन धडे एकाच हातात आले, तेव्हा आमच्या विषयाला सुरुवात झाली.

आता हिशेब पाहू, कारण हिशेबाशिवाय ही गोष्ट दंतकथा होते. 800च्या एका सिलिंडरचे माप सुमारे 265 सीसी. इंजिन मिनिटाला 5500 फेरे घेते तेव्हा एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतो, म्हणजे मिनिटाला 2750 वेळा. आदर्श हिशेबाने ही हवा 729 लिटर होते. दुसरीकडे 150 सीसीची मोटरसायकल 8500 फेऱ्यांवर मिनिटाला 637 लिटर हवा ओढते आणि 220 सीसीची 935 लिटर. मोटारीच्या एका सिलिंडरची भूक या दोघींच्या मधोमध बसते. म्हणून एका सिलिंडरला एक असे तीन कार्बोरेटर बसवायचे, तर ते याच मापाच्या मोटरसायकलींचे हवेत, हे मिस्त्रींचे म्हणणे हिशेबाला धरून होते. त्यांनी गुणाकार केला नव्हता. त्यांनी कार्बोरेटरच्या तोंडात बोट घालून पाहिले होते.

पण आधी त्यांनी स्वस्तातला प्रयोग केला आणि तिन्ही सिलिंडरांना मिळून एकच कार्बोरेटर दिला. साध्या भागाकाराने पाहिले तर अशी गाडी 1600 फेऱ्यांच्या आसपासच गुदमरायला हवी. तसे झाले नाही. याचे कारण मला उशिरा समजले. मोटरसायकलवर कार्बोरेटर चक्राच्या जेमतेम एक चतुर्थांश काळ काम करतो आणि बाकी वेळ रिकामा असतो. तीन सिलिंडर आळीपाळीने ओढू लागले की तो रिकामा वेळ भरून निघतो. गावात गाडी छान चालली. सिल्लेवानीच्या घाटात मात्र दम तोडू लागली. मिश्रण पातळ पडून इंजिन तापले, ठोके देऊ लागले. तिथून परत फिरलो.

मग तीन कार्बोरेटर आले. जुन्या बाजारातले, एकाच नमुन्याचे. लेथवर तीन छोट्या नळ्या कातून घेतल्या आणि त्या एका जाड पट्टीवर बसवल्या. खरी अडचण पुढे होती. मोटरसायकलची टाकी कार्बोरेटरच्या वीत-दीड वीत वर असते. पेट्रोल आपल्या वजनाने उतरते आणि फ्लोटची सुई तेवढाच दाब अडवायला बनलेली असते. मोटारीत टाकी मागे आणि खाली, म्हणून पंप पेट्रोल ढकलतो. त्या दाबापुढे सुई हरते, कार्बोरेटर ओसंडतो, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकते. हा गैरसोयीचा नव्हे, आगीचा प्रश्न आहे. मिस्त्रींनी जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणारी वेगळी नळी काढली आणि कार्बोरेटरकडे जाणारी वाट बारीक केली. ही नळी बसेपर्यंत त्यांनी मला किल्लीला हात लावू दिला नाही.

दुसरी अडचण ओढीची. मूळ रचनेत तिन्ही सिलिंडर एका पोकळीतून श्वास घेतात आणि तिथली ओढ सलग असते. डिस्ट्रिब्युटरची स्पार्क पुढेमागे करणारी डबी तीवरच चालते. तीन वाटा वेगळ्या केल्या की प्रत्येकीत ओढ हिसक्याहिसक्याने येते. म्हणून तिन्ही वाटांतून बारीक नळ्या काढून त्या एका छोट्या डबीत जोडाव्या लागल्या, आणि डबीतून पुढे.

शेवटी मेळ घालणे. यासाठी मापक मिळतो. मिस्त्रींकडे होता हातभर रबरी पाइप. त्याचे एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरे कानाशी. तिन्हींचा सूसू आवाज सारखा होईपर्यंत ते स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत राहिले. मी विचारले, “काकाजी, अजून किती वेळ?”

“सर, इंजिनले तीन नाकं भेटले,” ते म्हणाले, “पण तीनही सारखे वाहाले पाह्यजे. एक चोंदलं तं बाकीचे दोन काय करतीन?”

त्या रात्री प्लग काढून पाहिले. तिन्ही बदामी रंगाचे होते. दाट मिश्रणाचा प्लग काळा पडतो, पातळ मिश्रणाचा पांढरा. बदामी म्हणजे जमले.

गाडीत फरक पडला का? पडला. पाय दाबताच इंजिन उत्तर देऊ लागले, कारण हवा आणि पेट्रोल यांना लांबच्या वाटेने जावे लागत नव्हते. वरच्या फेऱ्यांना जोर आला. पण पेट्रोल जास्त लागू लागले, थंडीत सकाळी गाडी रुसू लागली, आणि महिन्या-दीड महिन्याने मेळ बिघडू लागला. मोटारीच्या घराण्याने जी गुंतागुंत शंभर वर्षांत जमवली होती, ती उगाच नव्हती, हे तेव्हा पटले. मोटरसायकलच्या कार्बोरेटरने तीतले काही सोडून काही मिळवले होते. दोन्ही पदरात पडत नाही.

या कहाणीचा काळही समजून घ्यायला हवा. 1 एप्रिल 1995पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला हवा-पेट्रोलचे प्रमाण क्षणोक्षणी नेमके लागते आणि ते काम संवेदक व संगणक करतात. सुई आणि जेट यांच्या आवाक्यातले ते नाही. 1999 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राजधानी क्षेत्रात युरोपीय मानके लागू झाली आणि मोटारींवर इंधन-इंजेक्शन आले. मोटारींचे कार्बोरेटर बाजारातून ओसरले, ते या वेळेपासून. मोटरसायकली मात्र कार्बोरेटरवरच राहिल्या. पुण्याच्या बजाजने 2007 साली इंजेक्शनची पल्सर 220 आणली, आणि 2009 साली तीच गाडी कार्बोरेटरवर परत नेली. म्हणून वीसेक वर्षे अशी होती, की मोटारीचा कार्बोरेटर दुर्मीळ आणि मोटरसायकलचा प्रत्येक गल्लीत. आमचा प्रयोग त्या वीस वर्षांचे अपत्य आहे. जानेवारी 2014मध्ये 800चे उत्पादन थांबले. 1 एप्रिल 2020पासून भारत स्टेज सहा आले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींवरूनही कार्बोरेटर गेला. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. त्याला कमी हवा पुरते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते आणि जुने रबर फुगते.

कायद्याची बाजूही लपवू नये. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून फारकत घेणारा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. शिवाय जुन्या चारचाकीसाठी रिकाम्या चालीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. तीन सुटे कार्बोरेटर या मर्यादेत आणणे अवघड, टिकवणे त्याहून अवघड. माझ्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण आले तेव्हा मिस्त्रींनी तीनही कार्बोरेटर स्वतः उतरवले. मूळ कार्बोरेटरचा झिजलेला दांडा काढला, घर रुंदावून पितळी बुश ठोकले, नवा दांडा कातला. गाडी तपासणीत उतरली. मी विचारले, “हेच आधी का केले नाही?” ते म्हणाले, तेव्हा असे बारीक काम करणारा लेथवाला माहीत नव्हता. तो या तीन नळ्या कातताना सापडला.

जुगाड या शब्दाविषयी माझी तक्रार इथे आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. मी पाहिले ते वेगळे होते: अंदाज, प्रयोग, अपयश, कारणाचा शोध, दुसरा प्रयोग, आणि शेवटी धोका व कायदा ओळखून घेतलेली माघार. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ ही छोटी मोटार पुन्हा पुन्हा सुधारत बनवली. ती उत्पादनापर्यंत पोहोचली नाही, पण निदान तिचे नाव उरले. फाट्यावरच्या गॅरेजांतल्या कामाला तेवढेही नशीब नाही.

मिस्त्रींनी आपली मापे एका कॅलेंडरच्या पाठीवर लिहिली होती: जेटचे आकडे, सुईची खाच कितवी, स्क्रूचे फेरे किती, आणि समोर त्या दिवशीचा प्लगचा रंग. जिथे चुकले तिथे फुली. ते पान मी त्यांच्या परवानगीने वहीत उतरवून घेतले. एकूण सतरा ओळी आहेत, त्यांपैकी अकरांपुढे फुली आहे.