मुखपत्रावरचे इंद्रधनुष्य

अमेरिकी महाविद्यालयांतल्या फ्रॅटर्निटी म्हणजे बहुधा ग्रीक अक्षरांच्या नावाने चालणारी विद्यार्थ्यांची बंधुमंडळे. गुप्त विधी, छातीवर बिल्ला, एकत्र राहायला घर असा त्यांचा थाट. पहिले मंडळ, फाय बीटा कॅपा, १७७६ मध्ये व्हर्जिनियात निघाले. पुढे देशभर शाखा फुटल्या आणि ओघानेच विलीनीकरणेही आली. त्यांत नाव बहुधा मोठ्या मंडळाचेच टिकते. छोट्याच्या खुणा मात्र भलत्याच ठिकाणी सापडतात.

डेल्टा टाउ डेल्टा हे १८५८ मध्ये बेथनी कॉलेजात स्थापन झालेले मंडळ. त्याचे मुखपत्र आधी ‘क्रेसेंट’, म्हणजे चंद्रकोर, या नावाने निघे. नंतर ते ‘रेनबो’ झाले. हे इंद्रधनुष्य आले मिसिसिपी विद्यापीठातून. तिथे १८४८ मध्ये ‘रेनबो’ नावाचेच मंडळ निघाले होते. त्याला ग्रीक अक्षरांचे वावडे; ते ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ असेही ओळखले जाई आणि सदस्य स्वतःला आयरिसचे, म्हणजे इंद्रधनुष्याच्या ग्रीक देवतेचे, पुत्र म्हणवत. १८८५-८६ मध्ये ते डेल्टात विलीन झाले. डेल्टाला दक्षिणेत पाय रोवता आले, रेनबोला मुखपत्राचा माथा मिळाला. डेल्टाच्या एका जाहीर विधीला आजही ‘राइट ऑफ आयरिस’ म्हणतात.

खरा वाद फुलाचा. डेल्टाचे फूल जांभळा आयरिस. मंडळाच्या रंगांत जांभळा आहेच, तेव्हा फूल रंगावरून निवडले, असे सहज म्हणता येईल. पण आधीचे फूल पॅन्सी होते, आणि पॅन्सीही जांभळी असतेच. नुसता रंगच हवा असता तर फूल बदलण्याचे कारण नव्हते. देवीचे नाव धारण करणारे फूल आले, ते रेनबोच्याच वाटेने आले असणार.

इतर विलीनीकरणांत नावांचे हिशेब वेगवेगळे लागले. लॅम्डा काय अल्फाने १९३९ मध्ये थीटा कॅपा न्यू सामावून घेतले. झीटा बीटा टाउमध्ये १९६९-७० च्या सुमारास दोन ज्यू मंडळे आली. त्या दोन्हींनीही आधी एकेक मंडळ पोटात घेतलेले होते. फाय कॅपा आणि थीटा कॅपा फाय या कॅथलिक मंडळांनी १९५९ मध्ये अक्षरे जुळवून फाय कॅपा थीटा असे सामाईक नाव घेतले. इतका समजूतदार सौदा विरळाच. १९८५ मध्ये फाय सिग्मा एप्सिलॉन फाय सिग्मा कॅपात मिसळले. तिथे नावातून गेले ते फक्त एप्सिलॉन.