जुनेराचे दान आणि त्याची चोरी

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत, कार्यालयाच्या प्रवेशद्वारापाशी एक वस्त्रपेटी ठेवावी व ज्ञातिबांधवांनी घरचे जुने परंतु धड कपडे गरजूंसाठी तीत आणून टाकावेत, असा ठराव एकमताने संमत झाला. ठराव सर्वथैव स्तुत्य आहे. चर्चेच्या ओघात पेटीस कुलूप असावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा एका तरुण सभासदाने म्हटले, "जुने कपडे कोण चोरणार?" सभेत हशा पिकला. मीही हसलो. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. म्हणून या विषयाचा जो काही इतिहास माझ्यासारख्या अल्पशिक्षित शिक्षकास वाचनातून ठाऊक झाला, तो स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

जुनेराला मोल नाही, ही समजूत मुळातच खरी नाही. आपल्या आयाबहिणींना हे पक्के ठाऊक होते. दारी आलेल्या बोहारणीपुढे लुगडी-धोतरे मांडून एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करणारी गृहिणी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. त्यातून जे उरे त्याची वाकळ होई. ज्याला आपण चिंधी म्हणतो, तीस व्यापारात नेहमीच भाव होता.

हा भाव मोठ्या प्रमाणावर वाढला तो इंग्लंडात. इ. स. १८१३ च्या सुमारास यॉर्कशायरमधील बॅटली या गावी बेंजामिन लॉ याने जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यांत नवी लोकर मिसळून, पुन्हा सूत व कापड काढण्याची कृती बसविली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या त्या काळात लोकर दुर्मिळ झाली होती, त्यामुळे ही युक्ती फळास आली. या कापडास 'शॉडी' असे नाव पडले आणि चिंध्या फाडणाऱ्या दातेरी यंत्रास लोक 'सैतान' म्हणू लागले. बॅटली आणि शेजारचे ड्यूझबरी ही गावे चिंध्यांवर संपन्न झाली. आपल्याकडे हाच धंदा पुढे हरियाणातील पानिपत येथे रुजला. पाश्चात्त्यांचे टाकलेले कोट व स्वेटर फाडून तेथे घोंगड्या विणल्या गेल्या आणि आपत्तिग्रस्तांस वाटण्यासाठी त्या देशोदेशी गेल्या. सारांश, फाटका कोटही वजनावर विकला जाऊ लागला. आणि ज्या वस्तूस भाव असतो तिला चोरही असतो.

याच शतकात दानधर्मानेही जुन्या वस्तूंकडे दृष्टी वळविली. मुक्तिफौजेचे संस्थापक विल्यम बूथ यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशी योजना मांडली की, घरोघरी वाया जाणाऱ्या वस्तू बेकारांकडून गोळा करवाव्यात व त्यांतूनच त्यांचे पोट चालवावे. अमेरिकेत बोस्टन येथे एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने १९०२ साली 'गुडविल' संस्थेचा पाया घातला. जुने कपडे जमवावयाचे, गरिबांच्याच हातून ते दुरुस्त करवून विकावयाचे आणि त्या विक्रीतून त्यांस मजुरी द्यावयाची, असा तिचा क्रम होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात १ जून १९४१ पासून १५ मार्च १९४९ पर्यंत कपड्यांवर नियंत्रण होते. त्या काळी हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या पत्नीने १९३८ साली उभारलेल्या महिला स्वयंसेवक संघटनेने बेघर झालेल्यांस कपडे पुरविण्याचे मोठे काम केले. ग्रीसमधील दुष्काळग्रस्तांसाठी १९४२ साली ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या समितीने, म्हणजेच आजच्या ऑक्सफॅमने, त्याच शहरातील ब्रॉड स्ट्रीटवर १९४८ साली दानात आलेल्या वस्तूंचे दुकान उघडले. आणि १९७४ साली, बॅटलीपासून फार दूर नसलेल्या हडर्सफील्ड येथे, जुन्या कपड्यांच्या निवडीचे केंद्र काढले.

येथवर देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कोणी ना कोणी मनुष्य उभा होता. कालांतराने त्याची जागा पेटीने घेतली. वाहनतळावर, बाजाराच्या कडेला पोलादी वस्त्रपेट्या उभ्या राहिल्या. वरच्या झडपेतून गाठोडे आत लोटावे, संस्थेच्या माणसाने कुलूप उघडून ते गाडीत भरावे, चांगले कपडे दुकानात विकावेत, काही परदेशी धाडावेत आणि उरलेले चिंधीच्या व्यापाऱ्यास वजनावर द्यावेत, अशी ही व्यवस्था आहे. सोय झाली खरी, पण दात्यास घेणाऱ्याचा चेहरा दिसेनासा झाला.

चोरांनी हे अचूक हेरले. कोणी कुलपे फोडली. कोणी पहाटेच्या अंधारात दुकानांच्या दारी ठेवलेली गाठोडी उचलून नेली. कोणी याहून चतुर निघाले. त्यांनी धर्मादाय संस्थेचे सोंग घेऊन घरोघरी पत्रके व पिशव्या वाटल्या आणि लोकांनी श्रद्धेने दारात ठेवलेल्या पिशव्या दिवसाढवळ्या गोळा केल्या. काहींनी तर जागेच्या मालकास न विचारता आपल्याच पेट्या उभ्या केल्या. अशा चोरास कुलूप फोडावे लागत नाही. दाता स्वतःच त्याच्या हाती माल देतो.

दानाच्या अपहाराची ही चिंता कायद्यास नवी नाही. दान दिलेल्या जमिनी, वस्तू व पैसा यांचा दुरुपयोग निवारण्यासाठी राणी एलिझाबेथच्या कारकीर्दीत १६०१ सालीच इंग्लंडात कायदा झाला होता. घरोघर फिरून धर्मादाय वर्गणी वा वस्तू गोळा करण्यास परवाना असावा, असे १९३९ च्या कायद्याने ठरविले. तथापि या विषयाचे मर्म उलगडले ते २०१० सालच्या एका निवाड्यात. बॅसिल्डन येथील एका खटल्यात, धर्मादाय दुकानाबाहेर ठेवलेली गाठोडी आणि दुसऱ्या एका दुकानामागील पेटीतील कपडे नेल्याचा एका इसमावर आरोप होता. हा माल टाकून दिलेला, बेवारस आहे असे आपणांस वाटले, असे त्याचे म्हणणे. उच्च न्यायालयाने ते उचलून धरले नाही. न्यायालयाचा आशय असा की, दुकानाबाहेर गाठोडे ठेवणारा मनुष्य ते टाकून देत नाही. तो ते एका विशिष्ट संस्थेस देऊ पाहतो, आणि ती ते ताब्यात घेईपर्यंत त्याचा हक्क सुटत नाही. पेटीतील माल तर संस्थेच्या ताब्यात आलेलाच असतो.

दिले म्हणजे टाकले नव्हे! माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार या चार शब्दांत आहे.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. चोरी टाळण्यासाठी पेट्यांच्या झडपा अशा बनविल्या गेल्या की गाठोडे आत जावे, पण बाहेर येऊ नये. कॅनडात वेस्ट व्हँकुव्हर येथे डिसेंबर २०१८ च्या अखेरीस एक पुरुष आणि टोरोंटो येथे जानेवारी २०१९ मध्ये एक स्त्री अशा पेट्यांत अडकून मरण पावली. त्यानंतर अनेक ठिकाणी पेट्या हलविण्यात आल्या वा त्यांची रचना बदलण्यात आली. गाडी घेऊन येणारा संघटित चोर आणि कडाक्याच्या थंडीत पेटीत हात घालणारा निराधार, या दोघांस एकाच नावाने हाक मारता येईल काय? ज्याच्यासाठी पेटी ठेवली त्याचाच जीव पेटीने घ्यावा, यापरते दुर्दैव ते कोणते?

आता स्वतःविषयी लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेशविसर्जनाच्या पाठोपाठ, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. मी तेव्हा जेथे नोकरीस होतो, त्या गावी एका संस्थेने कपडे जमविण्याचे काम हाती घेतले. माझा वर्ग हे कोठार होते आणि किल्ली माझ्या खिशात होती. एका विधवा वृद्धेने स्वतःचे कोरे हिरवे इरकली लुगडे आणून दिले. पतीच्या पश्चात ते पेटीत तसेच राहिले होते. दुसऱ्या दिवशी संस्थेचे एक कार्यकर्ते म्हणाले, "गुरुजी, तिथल्या चिखलात हे कोण नेसणार? याऐवजी मी दोन साध्या साड्या देतो." त्यांनी दोन साड्या दिल्या, हे खरे. लुगडे ते घेऊन गेले. वहीत नोंद नव्हतीच, कारण वही आम्ही घातलीच नव्हती. संक्रांतीच्या हळदीकुंकवास ते लुगडे कोणाच्या अंगावर होते, हे माझ्या पत्नीने पाहिले.

त्यानंतर ती वृद्धा एकदा वाटेत भेटली. तिने विचारले, "गुरुजी, माझं लुगडं पोचलं का हो?" मी म्हणालो, "पोचलं, काकू." ती समाधानाने निघून गेली. आज ती हयात नाही. कुलूप कोणी फोडले नव्हते. कुंपणानेच शेत खाल्ले होते आणि मी त्या कुंपणाचा एक खांब होतो.

आपल्या कायद्यासही हा भेद ठाऊक आहे. १८६० च्या दंडसंहितेत चोरी व न्यासभंग हे निरनिराळे गुन्हे होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही चोरीस ३०३ वे आणि विश्वासाने सोपविलेल्या वस्तूच्या अपहारास ३१६ वे कलम आहे. आपल्या राज्यातील सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी हिशेब ठेवून त्यांची तपासणी करवून घ्यावी, हे तर १९५० च्या कायद्यानेच सांगितले आहे. नाण्यांचा हिशेब आपण ठेवतो. लुगड्यांचाही ठेवावयास हवा.

म्हणून माझ्या नम्र सूचना अशा. पेटीस दोन कुलपे असावीत व त्यांच्या किल्ल्या दोन भिन्न घरांत असाव्यात. पेटी उघडताना तिघे हजर असावेत. आलेल्या प्रत्येक वस्त्राची नोंद व्हावी आणि ते कोठे गेले, ते फलकावर लागावे. कोणत्याही पदाधिकाऱ्याने बदली वस्त्र देऊन दानातील वस्त्र घेऊ नये. आणि पेटीशेजारी भिंतीस चार खुंट्या ठोकून त्यांवर काही धड कपडे नित्य टांगलेले असावेत. ज्यास गरज असेल त्याने न विचारता न्यावेत, म्हणजे कोणा गरजूस पेटीत हात घालण्याची पाळी येणार नाही.

सभेतील त्या तरुण बंधूंच्या प्रश्नास आता उत्तर देतो. जुने कपडे कोण चोरणार? जो त्यांस टाकलेले समजतो तो. मग तो अंधारात येवो की किल्ली खिशात घेऊन येवो. शेवटी कार्यकारिणीस एकच विनंती. पेटीच्या दोन किल्ल्यांपैकी एक वडीलकीच्या मानाने मजकडे ठेवावी, असे काही बंधूंनी सुचविले आहे. त्यांच्या विश्वासाबद्दल मी ऋणी आहे. परंतु ती किल्ली मजकडे न देता, नोंदवही मजकडे द्यावी.