ब्रॉक कॉमन्स टॉलवूड हाउस

कॅनडातील व्हँकूव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या आवारातील अठरा मजली वसतिगृह. उंची सुमारे 53 मीटर. 272 स्टुडिओ खोल्या आणि चौघांसाठीची 33 घरे मिळून 404 विद्यार्थ्यांची सोय. वास्तुरचना ॲक्टन ऑस्ट्री आर्किटेक्ट्स यांची. 2017 मध्ये ते पूर्ण झाले तेव्हा लाकडी सांगाड्याच्या जगातील सर्वांत उंच इमारतींत त्याची गणना होई.

‘लाकडी’ हे वर्णन मात्र जरा सैलच. तळमजला आणि जिने-लिफ्ट सामावणारे दोन गाभे काँक्रीटचे आहेत. वरचे 17 मजले लाकडाचे: फळ्या चिकटवून घडवलेले खांब आणि त्यांवर थेट टेकलेल्या 169 मिलिमीटर जाडीच्या सीएलटी लाद्या. सीएलटीत फळ्यांचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असल्याने लादी दोन्ही दिशांनी भार पेलते; म्हणून इथे तुळया नाहीत. पण त्यासाठी खांब जवळजवळ हवेत. ते 2.85 बाय 4 मीटरच्या चौकटीत आहेत. मोकळे दालन हवे असलेल्या कचेरीला एवढे खांब जाचले असते. वसतिगृहात लहान खोल्या मजल्यामागून मजला तशाच येतात आणि खांब भिंतींत जिरून जातात. खोल्यांची दाटी लाकडाच्या पथ्यावर पडली ती अशी.

भाग कारखान्यातून तयार होऊन आले. त्याआधी दुमजली नमुना उभारून जोडण्या पारखल्या होत्या. 2016 च्या उन्हाळ्यात लाकडी सांगाडा 70 दिवसांच्या आत चढला. पावसात लाकूड भिजू नये म्हणून बाहेरच्या भिंतींचे फलकही मजल्यापाठोपाठ बसवत नेले.

खरी कसोटी आगीची होती. तेव्हा ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या नियमांत लाकडी निवासी इमारतीला सहाच मजल्यांची मुभा होती. या जागेपुरता स्वतंत्र नियम करावा लागला. स्प्रिंकलर तर आलेच, शिवाय जवळजवळ सगळे लाकूड जिप्सम बोर्डाखाली झाकले गेले. परिणामी लाकडासाठी गाजलेल्या या वसतिगृहातल्या खोलीत लाकडाचा सांगाडा दिसतच नाही. तो उघडा पाहायचा तर अठराव्या मजल्यावरच्या सामायिक दालनात जावे लागते.

एकूण 2,233 घनमीटर लाकूड वापरले गेले. त्यात साठलेला आणि काँक्रीट-पोलाद वाचल्याने टळलेला कार्बन डायऑक्साइड मिळून 2,432 टन भरतो, असा प्रकल्पाचा अंदाज. अर्थात तो जंगलाची पुन्हा लागवड होईल या गृहीतावर उभा आहे. प्रांताने 2019 मध्ये इच्छुक नगरांत बारा मजल्यांपर्यंत आणि 2024 मध्ये अठरा मजल्यांपर्यंत लाकडी इमारतींना वाट मोकळी केली.