चंद्रापुरते चार दशांश

वाराणसीत 1658 साली कमलाकरभट्टांनी 'सिद्धान्ततत्त्वविवेक' पुरा केला. घराणं मूळचं गोदाकाठच्या गोलग्रामचं. त्याच शहरात राहणाऱ्या मुनीश्वरांचं कूळ विदर्भातलं, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं. दोघांचं पटत नसे. कमलाकर सूर्यसिद्धान्ताचे कट्टर, तर मुनीश्वर भास्कराचार्यांचे. आणि पायच्या (π) बाबतीत सूर्यसिद्धान्त आणि भास्कराचार्य यांचंच मुळात जमत नाही.

सूर्यसिद्धान्त पृथ्वीचा व्यास 1600 योजनं धरतो. परिघासाठी व्यासाचा वर्ग करा, दहाने गुणा, मूळ काढा. म्हणजे पाय झाला 3.1623. भास्कराचार्य 'लीलावती'त दोन किमती देतात: व्यवहाराला 22/7 आणि सूक्ष्म गणिताला 3927/1250, म्हणजे 3.1416. ही दुसरी आर्यभटाचीच (इ. स. 499), 62832/20000 ला 16 ने छेद देऊन आटोपशीर केलेली.

अंतरं काढताना हा फरक बोचतो. दोघांकडेही चंद्रकक्षेचा परिघ 324000 योजनं: चक्राच्या 21600 कला, दर कलेला 15 योजनं. परिघ आधी, अंतर मागून. 3.1416 च्या दुपटीने भागलं की 51566 योजनं येतात, आणि भास्कराचार्यांनी दिलेला आकडा नेमका तोच. दहाच्या मुळाने भागाल तर 337 योजनं कमी भरतात. आजचा अख्खा पाय वापरला तरी 51566 मध्ये योजनाच्या अष्टमांशाइतकीच भर पडते. चंद्राला चार दशांश पुष्कळ झाले.

खरी गंमत खकक्षेची, म्हणजे आकाशाच्या परिघाची. सूर्यसिद्धान्त तो 18712080864000000 योजनं सांगतो. त्याचा व्यास एका योजनाच्या आत बिनचूक हवा असेल तर पायचे 15 दशांश लागतात. 14 वर थांबलात तर सहा योजनं चुकतात. केरळच्या माधवाने अकरा दशांशांपर्यंत मजल मारली होती, पण तिथेही चूक साडेचार हजार योजनांवर जाते. अमेरिकेची जेट प्रपल्शन लॅबोरेटरी ग्रहांमधल्या यानांसाठी 15 च दशांश घेते. दृश्य विश्वाचा परिघ हायड्रोजनच्या एका अणूइतक्या चुकीने काढायला, तिच्याच हिशेबाने, 37 पुरतात.

पण खकक्षा कुणी मोजली नव्हती. कल्पातल्या चंद्राच्या 57753336000 फेऱ्यांना 324000 ने गुणून ती आली. म्हणजे हे सतरा अंकही उभे आहेत ते त्याच, कलेला 15 योजनांच्या ठोकताळ्यावर. तो एक योजनाने हलला तर सुमारे साडेबारा लाख अब्ज योजनं इकडची तिकडे होतात, मग पाय कितीही लांबवा.